वकिलीतून आमदारकी : नवशिक्यांसाठी सोपे धडे

नुकतीच सनद हातात पडली आहे, कोटाची इस्त्री अजून मोडलेली नाही, आणि तरीही ज्यांना स्वप्नात कोर्टाऐवजी आमदार निवास दिसते, अशा वकीलसाहेबांसाठी हे धडे आहेत. साहित्य फार लागत नाही : एलएल. बी. ची पदवी, तालुक्याच्या कोर्टाबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या आणि ओळखीचा तलाठी. मोटार आणू नये. ती यथावकाश कार्यकर्ते घेऊन येतात.

सरावासाठी नमुना घेऊ सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा. नमुना अवघड आहे. पहिली निवडणूक 1962 ची, शेवटची 2014 ची. एकच मतदारसंघ, एकच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) आणि अकरा विजय. ज्यांना पाच वर्षांत निकाल हवा आहे त्यांनी पुस्तिका इथेच मिटवावी.

पहिला धडा : गाव निवडणे. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली केली सांगोल्यात. सांगोला म्हणजे माणदेशालगतचा दुष्काळी तालुका, जिथे पाऊस येतो तो बहुधा पुढच्या गावाला. अशा ठिकाणी वकिलाला काम कमी पडत नाही. बांध कोणी कोरला, सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी कोणाची, फेरफाराला कोणाचे नाव लागले नाही. पक्षकार फीऐवजी गाऱ्हाणे घेऊन येतो. ते ऐकून घ्यावे. मतदारयादी यातूनच पाठ होते आणि ती पाठ असलेला वकील प्रचाराच्या फलकांवर पैसे घालत नाही.

दुसरा धडा : पक्ष. इथे नवशिक्यांचा मोठा गोंधळ होतो. एकाच दाव्यात आज वादीकडून आणि उद्या प्रतिवादीकडून उभे राहिलात तर बार कौन्सिल सनदेवर येऊ शकते. विधानभवनात हेच केले तर मंत्रिपद मिळू शकते. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 साली आला खरा, पण तो वाचतात वकील आणि त्यातून वाट काढतात तेही वकीलच. तेव्हा कायद्याचे शिक्षण वाया जात नाही. गणपतरावांनी मात्र वकालतनामा एकदाच भरला. परिणामी बहुतेक सगळी कारकीर्द विरोधी बाकावर गेली. 1978 चे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आणि 1999 चे आघाडी सरकार, एवढ्या दोन खेपा काय ते मंत्रिपद.

तिसरा धडा : सभागृह. उलटतपासणी येत असेल तर तारांकित प्रश्न येतोच. लक्षवेधी, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा ही सगळी आपल्याच घरची अवजारे. अट एकच, फाइल वाचलेली असावी. ती न वाचता आवाज चढवण्याचीही एक पद्धत आहे. टीव्हीवर तीच चांगली दिसते.

चौथा धडा : पाणी. हा लांबला तर क्षमा असावी, कारण हा दावाच लांबला. कृष्णा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी पाणी दिले. कागदावर दिले. कृष्णा राहिली खाली आणि सांगोला, आटपाडी, जत हे तालुके वर. पाणी उचलायचे तर पंप हवेत, वीज हवी, पैसा हवा, आणि सर्वांत आधी हुकूमनामा हातात असून ताबा मिळत नाही ही अवस्था पन्नास वेळा, त्याच आवाजात, सांगणारा माणूस हवा. दिवाणी वकिलाला ही अवस्था रोजची. गणपतराव आटपाडीच्या पाणी परिषदांना स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीने उभे राहिले, आणि टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावे अधिवेशनामागून अधिवेशन कामकाजात येत राहिली. मंत्री बदलले, सरकारे बदलली, उत्तर ‘काम प्रगतिपथावर आहे’ हेच राहिले. आमच्या मते या माणसाची खरी वकिली कोर्ट सोडल्यावर सुरू झाली. नवशिक्यांनी पाण्याच्या फंदात पडू नये. भूमिपूजन करावे, नारळ फोडावा, पुढची तारीख घ्यावी.

पाचवा धडा : वाहन. एसटीत आमदारासाठी राखीव आसन असते. महाराष्ट्रात कित्येकांना ती पाटी म्हणजे रंगाऱ्याची हौस वाटते. गणपतराव त्या आसनावर खरोखर बसत. हे अंगवळणी पडणार नसेल तर सोडून द्यावे. एकदाच फोटोपुरते बसणारा उमेदवार कंडक्टरलासुद्धा ओळखू येतो.

सहावा धडा : हरणे. पुस्तकांत हा धडा नसतो. गणपतराव 1972 ला हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. मग आले 1995. ते साल वकिलांना बरे नव्हते. तिकडे लातुरात काँग्रेसचे ॲडव्होकेट विलासराव देशमुख सुमारे 35 हजारांनी पडले, इकडे गणपतराव 192 मतांनी. पुढच्याच वर्षी विलासरावांनी विधान परिषद लढवली आणि अर्ध्या मताने हुकली. त्या निवडणुकीत पसंतीक्रमाच्या मतांचे मूल्य अपूर्णांकात मोजतात. गणित कच्चे असलेल्यांनी तिकडे फिरकू नये. 1999 साली दोघेही परतले, एक मुख्यमंत्री म्हणून आणि दुसरा त्याच्याच मंत्रिमंडळात. हरल्यावर काय करावे याबद्दल दोघांच्या पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक होता. विलासरावांनी परिषदेच्या त्या निवडणुकीत अपक्ष उभे राहून शिवसेनेचा पाठिंबा घेऊन पाहिला. गणपतराव तालुक्यातच राहिले आणि सूतगिरणी सांभाळली. सहकारी सूतगिरणी तोट्याशिवाय कशी चालते, हा स्वतंत्र पुस्तिकेचा विषय आहे आणि तिला ग्राहक मिळणार नाही.

शेवटचा धडा : वारस. 2019 ला गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापू पाटलांकडून हजारापेक्षा कमी मतांनी पडले. बापू तेच, ज्यांनी 1995 ला 192 ची किमया केली होती आणि जे पुढे शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीची झाडी-डोंगार बघून देशभर गाजले. 2021 मध्ये गणपतराव गेले. 2024 ला दुसरे नातू, बाबासाहेब, सांगोल्यातून निवडून आले, तेही शेकापकडूनच. दोन्ही नातवांच्या नावाआधी ‘ॲड.’ नाही, ‘डॉ.’ आहे. तेव्हा लॉ कॉलेजचा प्रवेश अर्ज भरला असेल तर फी परत मिळते का, तेवढे आजच ऑफिसात विचारून घ्यावे.