पोच

काकांना पोच नाही, यावर आमच्या गल्लीचं एकमत आहे. आणि काकांकडे जितक्या पोच आहेत तितक्या अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नसतील, यावरही. एका पत्र्याच्या ट्रंकेत तारीखवार लावलेल्या: दिलेल्या प्रत्येक निवेदनाची दुसरी प्रत, वर कचेरीचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. सही नुसतीच वळवळ असेल तर काका खाली नाव लिहून घेतात.

नोकरीत असताना ते जिल्हा परिषदेत आवक-जावकला होते. सगळी हयात लोकांना पोच देण्यात गेली, निवृत्तीनंतर ते ती वसूल करायला निघाले. स्वतःचं काम एकही नाही. विधवेची पेन्शन, दवाखान्यातली औषधं, कोणाचं तरी अडकलेलं रेशनकार्ड. साखरेची लॉबी असते, बिल्डरांची असते. त्यांची माणसं दिल्लीत मोठ्या हॉटेलांत उतरतात म्हणे. आमच्या तालुक्यातल्या निराधारांची लॉबी एसटीच्या अर्ध्या तिकिटावर फिरायची. २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि काका नेमके त्यात बसले. तेव्हापासून जिल्ह्याच्या कचेऱ्यांनाही चैन नाही.

महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे कलेक्टर कचेरीतला लोकशाही दिन. काका तो व्रतासारखा पाळतात. काकूंचं मत वेगळं आहे. "संकष्टीला रात्री उशिरा का होईना, चंद्र दिसतो. यांना तिथे साहेब दिसेल तर शपथ."

माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. काका तो १४८ शब्दांत बसवतात. बोलताना हा नियम लागू नाही, ही गल्लीची खरी तक्रार. सकाळी फिरायला निघालेली माणसं ते दिसले की रस्ता ओलांडतात. एका लग्नात आमदार वधूवरांना आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले, तर मागोमाग काका. नवरीला वाटलं, अहेराचं पाकीट. फोटो अल्बममध्ये आहे: डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, मधे आमदार संजय गांधी निराधार योजनेचं निवेदन वाचताहेत. आणि काका पेन पुढे करून उभे. पोच!

त्या योजनेला उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची. काकांनी भागाकार करून ठेवलाय, दिवसाला साडेसत्तावन्न. ते तलाठ्याला विचारत, "भाऊसाहेब, एवढ्यात तुमचा चहा-वडापाव तरी होतो का?" २०२४ साली तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, २१,००० चे २१,०००च राहिले. वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये. तोही कैक वर्षं तिथेच बसलेला. म्हणून दर अर्थसंकल्पाआधी खासदारांना पत्र जातं आणि 'सोबत' म्हणून गोड्या तेलाच्या एका पिशवीची किराणा पावती. खासदारांच्या कचेरीतून एकदा उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले.' काकांनी ते लॅमिनेट करून घेतलं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला अर्ज सर्पदंशाच्या लसीचा. मैदानी भागात तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, या हिशेबाने आम्हाला ते मिळालं होतं. इमारत होती, फ्रिजही होता. काकांनी साठा नोंदवहीची नक्कल मागितली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: 'माहिती निरंक.' काकांनी अपील ठोकलं: 'साठा निरंक आहे की माहिती निरंक आहे, याचा खुलासा व्हावा.' सुनावणीला समोरचे साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, तुम्हाला चावलाय का साप?" काका म्हणाले, "अजून नाही. म्हणून तर वेळ आहे." महिनाभरात बारा कुप्या आल्या. मी तेव्हा हसलो होतो, हे कबूल करतो.

पुढच्या आषाढात आम्हाला दूध घालणाऱ्या पोराला धारेच्या वेळी गोठ्यात घोणस चावली. जिल्ह्याचं हॉस्पिटल दीड तासावर. आरोग्य केंद्रात डॉक्टर होते आणि फ्रिजमध्ये लस होती. तिथेच लस देऊन मग त्याला ॲम्ब्युलन्सने पुढे नेलं.

आठवड्याने तो घरी आला. मी भेटायला गेलो तर काका आधीच खाटेशी बसलेले. बरं वाटतंय का, नाही. जेवण जातंय का, नाही.

"कुप्या किती लागल्या रे?"

"दहा म्हणाले डॉक्टर."

"म्हणजे उरल्या दोन," म्हणत त्यांनी पिशवीतून कार्बन काढला आणि त्याच्याच खाटेच्या कडेवर कागद टेकवून लिहायला घेतलं. पोराची आई चहाचा कप धरून उभीच राहिली. बाहेर पडताना शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, "मेलं, या माणसाला जरा म्हणून पोच नाही."

अर्ज सोमवारी गेला. काकांचे गुडघे धरले होते, म्हणून रांगेत मी उभा होतो. शिक्का थोडा पुसट उठलाय, पण सही वाचता येते. खाली नावही लिहून घेतलं.