चिखलदऱ्यात पाणी लवकर उकळतं

अंजीर हे फळ मुळात घाईचं. आंबा अढीत पिकतो, चिकू तांदळाच्या डब्यात पिकतो, केळी तर कोपऱ्यात टांगली तरी पिकतात. अंजिराला हे जमत नाही. झाडावर पिकलं तेवढंच पिकलं. तोडल्यावर ते मऊ होतं, मग आणखी मऊ होतं आणि दोन-तीन दिवसांत आंबूस वास सोडून जगाचा निरोप घेतं. माझं माहेर पुरंदर तालुक्यातल्या सासवडचं. तिकडे अंजीर झाडापाशी उभं राहून खातात. ते विकत घ्यायचं फळ आहे हे मला लग्न होऊन वऱ्हाडात आल्यावर कळलं.

पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2024 साली त्याचा रस थेट पोलंडला गेला. ती बातमी वाचून माझे वडील, आमचे अप्पा, पेटले. अंजीर पोलंडला जातं, तर अमरावतीला का जाणार नाही? रसाला पासपोर्ट सोपा असतो, आख्ख्या फळाला नसतो, हे त्यांना कोण सांगणार! तेव्हापासून मार्चमध्ये मीठा बहार सुरू झाला की अप्पा रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर अंजिराची पाटी चढवतात. खाली पानं, वर पानं, त्यावर फडकं आणि फडक्यावर सुतळीच्या इतक्या गाठी, की आत अंजीर नसून एखादा कैदी असावा. अमरावतीला पाटी उघडावी तर वरचा थर अंजीर असतो. खालच्या थराने जॅम व्हायचा निर्णय वाटेतच घेतलेला असतो.

मार्चमध्ये अमरावतीत तासभर गॅसपाशी उभं राहिलं तर आधी स्वयंपाकीण आटते, जॅम नंतर. म्हणून आम्ही पाटी उचलतो आणि परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला जातो. सासरे निवृत्तीनंतर तिथेच स्थायिक झालेत. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजाला ही थंड जागा सापडली, असं सांगतात. कोरकू तिथे कधीपासून राहत होते, पण त्यांना बिचाऱ्यांना ती सापडलेली नव्हती, फक्त माहीत होती. गावात शक्कर तलाव आहे. मला पहिल्यांदा ते नाव ऐकून जॅमच्या दृष्टीने मोठा धीर आला होता, पण साखर शेवटी किराणा दुकानातूनच आणावी लागते.

कृती साधी. एक किलो अंजिराला सहाशे ते सातशे ग्रॅम साखर आणि दोन-तीन लिंबांचा रस. अंजिरात आंबटपणा जवळजवळ नसतो. लिंबू नुसतं चवीला नाही. त्याच्यावाचून जॅम धड घट्ट होत नाही आणि बाटलीत सुरक्षितही राहत नाही. एवढं मी बोलले आणि मोर्शीच्या आत्याबाई पाटावरून अर्ध्या उठल्या.

“लिंबू कायले? संत्रं टाक न!”

मोर्शी-वरुडच्या माणसासमोर दुसऱ्या आंबट फळाचं नाव काढू नये. त्यातून मृगाच्या बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्येच उतरतात, म्हणजे आत्याबाई पिशवीभर दारूगोळा सोबत घेऊनच आलेल्या. लिंबात आम्ल पाच-सहा टक्के असतं आणि संत्र्यात एक टक्काही जेमतेम, असं मी नम्रपणे सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, “मंग पाचपट टाक.” हे गणित चुकलं आहे असं घरात कोणाचीही म्हणायची हिंमत झाली नाही. शेवटी लिंबाचा रस आत गेला, संत्र्याची साल किसून वरून भुरभुरली, आणि जॅमला जो काही सुगंध आला त्याचं सगळं श्रेय मोर्शीला गेलं.

मधेच धाकटे दीर बाहेरून उंबरांनी भरलेला रुमाल घेऊन आले. मेळघाटात उंबराला काय तोटा! “वहिनी, हे बी अंजिराचंच खानदान हाये. फुकटात डबल जॅम!” खानदान खरंच एक आहे. दोघांचीही फुलं फळाच्या आत, बाहेरून दिसतच नाहीत. फरक इतकाच, की आपल्याकडचं अंजीर कुठल्याही किड्याच्या मदतीशिवाय पिकतं आणि उंबर किड्यांना घरातच ठेवून घेतं. दिरांनी पहिलं उंबर फोडलं. केंबरं निघाली ती सरळ साखरेच्या पातेल्याकडे. “औदुंबराखाली दत्तगुरू असतात, अन् तू त्याचा जॅम करून रायला?” असं म्हणत सासूबाईंनी रुमालासकट सगळा प्रस्ताव अंगणात फेकला. पुढचा निकाल लंगुरांनी लावला. त्यांनी उंबरं केंबरांसकट खाल्ली आणि रुमालही नेला.

मग खरी परीक्षा. पुस्तकात लिहिलं होतं, मिश्रण 105 अंशांवर पोचलं की जॅम झाला. सासरे शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. सगळी नोकरी त्यांनी मुलांना सांगितलं, की उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. एकाही मुलाला त्याचा कधी उपयोग झाला नसावा. आज मात्र सून हातात थर्मामीटर घेऊन उभी! ते आरामखुर्चीतून असे उठले जणू दारात तपासणी अधिकारी आले.

“सूनबाई, चिखलदरा किती उंच?”

“1118 मीटर, बाबा.”

“दर तीनशे मीटरमागे साधारण एक अंश कमी. म्हंजे इथं पाणी उकळते 96च्या आसपास. जॅम पाण्याच्या वर चार-साडेचार अंशांवर जमते. म्हंजे?”

“101.”

“शाबास! तुह्या पुस्तकानं 105 पर्यंत नेलं असतं तं वड्या पाडाव्या लागल्या असत्या.”

सासूबाईंनी भिंतीला टेकून हे सगळं ऐकलं. “मी कवाचीच सांगून रायली, इथं वरण उशिरानं शिजते म्हून. तवा कोणी 96 म्हनलं नाही.” एवढं बोलून त्यांनी फ्रीजमधून गार बशी काढली, तीवर थेंबभर जॅम टाकला, बोटाने रेघ ओढली. रेघ मिटली नाही. “झाला. उतरव.” थर्मामीटर पाहिलं तर 101. सासऱ्यांनी आनंदाने न्यूटनचं स्मरण केलं. सासूबाईंनी बोट चाटलं.

जॅम करणं सोपं, ठेवणं अवघड. साखर 65 टक्क्यांपर्यंत गेली की पाणी तिच्या तावडीत सापडतं आणि बुरशीला प्यायलाही उरत नाही, हे शास्त्र. पण चिखलदऱ्याच्या पावसाळ्याने हे शास्त्र वाचलेलं नाही. तिथे धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. मिठाचं पाणी होतं, पापड वाकतात, काडेपेटी रुसते आणि चपलांवर पांढरी साय धरते. म्हणून बाटल्या उकळायच्या, गरम बाटलीत गरम जॅम भरायचा, वर थोडीच जागा सोडायची, झाकण लावून बाटली पुन्हा पाण्यात उकळायची. समुद्रसपाटीला पाच मिनिटं पुरतात, इथे दहा. या वेळी सासऱ्यांनी घड्याळ लावलं आणि कोणाला स्वयंपाकघरात बोलूही दिलं नाही.

बाटली एकदा उघडली की दोनच नियम: फ्रीज आणि कोरडा चमचा. चिखलदऱ्यात वीज जाते म्हणून पहिला नियम आपल्या हातात नाही. दुसरा आहे, पण आमच्या घरात चमचा ही वस्तू पाहुण्यांसाठी असते. घरची माणसं पोळीचा तुकडा सरळ बाटलीत घालतात. आत्याबाईंनी तर वाटीत जॅम घेऊन, वर दूध ओतून, तो रबडीसारखा संपवला आणि “संत्र्याची चव मस्त उतरली,” असा अभिप्राय दिला.

बाटल्यांची ती रांग वर्षभर पुरावी असा माझा हिशेब होता. पाऊस सुरू व्हायच्या आत बुरशीला चाखायलाही काही उरलं नाही. कपाटात मागच्या बाजूला मात्र एक भरलेली बाटली सुखरूप होती. झाकणही हललेलं नव्हतं. हिवाळ्यात सासूबाईंनी केलेला मोथ्याच्या स्ट्रॉबेरीचा जॅम. रंग सुंदर, चव सुंदर.

“आई, हा कसा काय राहिला?”

“तो कुठं पळून चालला? मोथा इथंच तं हाये. तुह्या बापाची पाटी मातर एकडावच येते, म्हून पोट्टे तुटून पडते.”

तेव्हा वर्षभराचा जॅम करणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा: साखर 65 टक्के, लिंबू भरपूर, बाटल्या नीट उकळलेल्या आणि फळ शेजारच्या गावचं.