दगडाचे वासे

वेरूळच्या दहाव्या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. आत अंधाराला डोळे सरावले की वर पाहावं. कमानदार छताला ओळीनं वासे लागलेले दिसतात, जुन्या लाकडी घराला असावेत तसे. फक्त ते दगडाचे आहेत आणि त्यांनी काहीच तोललेलं नाही. डोंगर कोरून केलेल्या घराला वासे कशाला? पण चैत्यगृहं आधी लाकडाची बांधत, लाकडाला वासे लागत, म्हणून सातव्या शतकाच्या आसपास दगडालाही ते आले. निवृत्त कारकुनानं इस्त्रीचा सदरा घालून रोज बरोबर दहाला ओट्यावर येऊन बसावं, तसे ते तिथं बसले आहेत.

प्रोग्राम लिहून मी पोट भरलं. आमच्यात या प्रकाराला इनहेरिटन्स म्हणतात. १९६७ साली डाल आणि नुगार्ड या दोन नॉर्वेजियन गृहस्थांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत तो आणला : एका क्लासपासून दुसरा क्लास जन्माला घालायचा, आणि बापाचं सगळं पोराला, मागितलेलं आणि न मागितलेलंही. पुढं १९९४ मध्ये ‘डिझाइन पॅटर्न्स’ लिहिणाऱ्या चौघांनी बजावलं की वारशापेक्षा जोडणी बरी. सुटे भाग घ्यावेत, जुळवावेत, बिघडला तो बदलावा, हे कंपोझिशन. कुठं काय वापरायचं याची इंग्रजीत सोपी कसोटी आहे : ‘असणं’ असेल तर वारसा, ‘जवळ असणं’ असेल तर जोडणी. पण आपल्या मराठीत दोन्हीकडं एकच ‘आहे’. तो रिक्षावाला आहे. त्याची रिक्षा आहे. सोयरसुतक नसल्यासारखा हा शब्द दोन्ही घरी जेवतो.

माझ्या एका चुकीचं खापर मी अजून या ‘आहे’वरच फोडतो. एका कारखान्याच्या पगारपत्रकात मी कंत्राटी कामगाराचा क्लास कायम कामगारापासून काढला. कंत्राटी कामगार हा कामगारच आहे, असा माझा सरळ हिशोब. दिवाळीला त्या सगळ्यांच्या नावापुढं बोनस आला. एका रात्रीत मी बोनस सुटा केला आणि ज्यांचा त्यांनाच जोडला. रचना फार सुबक झाली. तिचा अभिमान मात्र मला कधी वाटला नाही.

वडिलांची छत्री माझ्याकडं आहे. कापड दोनदा बदललं, दांडा एकदा, काड्या कितीदा ते आठवत नाही. पावसात ती अजून वडिलांचीच असते. त्यांचा खोकला मात्र असा सुटा होत नाही. वाड्यात शिरण्याआधी ते दारात खोकत, म्हणजे ओसरीवरच्या बायकांना पदर सावरायला अवधी मिळे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, ओसरी नाही, किल्ली माझ्याच खिशात. तरी कुलपाला हात लावण्याआधी मी खोकतो. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजत नाही, ते आपले वर दिसतात एवढंच.

परवा भाच्याला घेऊन वेरूळला गेलो होतो. दहाव्या लेण्याच्या दारात मी खोकलो. छतानं तो खोकला घेतला, जरा घोळवला आणि परत दिला.

‘‘मामा, आत कुणी नाहीये,’’ भाचा म्हणाला.

आत स्तूपापुढं पाय खाली सोडून बुद्ध बसलेले आहेत.