एक्सएल साइजची एकी

वर्षअखेरीचे आकडे मनासारखे आले नाहीत, की वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की आपल्या कचेरीत सगळं आहे, फक्त टीम नाही. आकडे चांगले आले तर टीम असतेच. तेव्हा तिचं श्रेय साहेबांच्या नेतृत्वाला जातं. वाईट आले की मात्र ती बांधायला काढतात. बांधकामाची जागा कर्जतजवळचं एखादं रिसॉर्ट, मुहूर्त शनिवारचा. मेलमध्ये लिहिलेलं असतं की उपस्थिती ऐच्छिक आहे. त्याच्याच खालच्या ओळीत असतं की जे येणार नाहीत त्यांनी सबळ कारणासह विभागप्रमुखांना लेखी कळवावं.

मी विमा कंपनीत, मोटार क्लेमला. आमच्या धंद्यात माणूस स्वभावानेच संशयी होत जातो. 'गाडी जागेवर उभी होती आणि विजेचा खांब येऊन आदळला' असलं काहीतरी गंभीर चेहऱ्याने वाचण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना कॉलरला माइक लावलेला पंचविशीतला ट्रेनर जेव्हा सांगतो की 'एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवा', तेव्हा आमचा हात आपोआप कागदपत्रांकडे जातो.

सुरुवात टी-शर्टपासून झाली. एचआरच्या मॅडमनी सगळ्यांचे साइज मागवले. या बाबतीत लोक मापापेक्षा आठवणीवर जास्त भिस्त ठेवतात. अंडररायटिंगचे सीनियर, ज्यांना आम्ही आदराने अण्णा म्हणतो, त्यांनी 'मीडियम' कळवलं. ते मीडियम होते त्या काळी बहुधा पॉलिस्या टाइपरायटरवर निघत असाव्यात. यादी बघून मॅडमनी कपाळाला हात लावला आणि सरसकट एक्सएल मागवले. रंग भडक नारिंगी, छातीवर 'वन टीम, वन ड्रीम'. अण्णांच्या पोटावर 'ड्रीम' चांगलंच विस्तारलं. नवीन लागलेल्या ट्रेनी मुलीने तोच टी-शर्ट गाऊनसारखा घातला होता. डिस्पॅचच्या पोराला मात्र टी-शर्ट नव्हता. तो कंत्राटी, टीममध्ये धरलेला नव्हता. पाण्याचे बॉक्स उतरवायला बरोबर आणला होता.

पहिला खेळ विश्वासाचा. डोळे मिटून पाठीमागे पडायचं, मागचे सहकारी झेलतात. ट्रेनरने नेमकं अण्णांना पुढे बोलावलं. अण्णा उभे राहिले, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "आपल्या ग्रुप अपघात पॉलिसीत हे बसतं का हो?"

झालं. विमावाल्यांत असा प्रश्न टाकणं म्हणजे कीर्तनात बुवांना शंका विचारण्यासारखं. एकजण म्हणाला, माणूस स्वतःहून पडला तर तो अपघात कसा? दुसऱ्याचं म्हणणं, पडणं स्वेच्छेचं असलं तरी न झेलणं हा अपघातच. लीगलच्या ताईंनी विचारलं की वरिष्ठांच्या आदेशाने पडला तर स्वेच्छा उरते का, आणि सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी फोन आल्यासारखं केलं. चर्चा इतकी रंगली की चहा आला, चहा संपला, आणि पडायचं राहूनच गेलं. त्या दिवशी आमच्या लोकांनी एकमेकांचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं असं मला वाटलं. पण ट्रेनरच्या वहीत तो खेळ 'अपूर्ण' असाच लागला.

मग रस्सीखेच. मॅक्स रिंगेलमन नावाच्या एका फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. 1913 मध्ये ते आकडे छापून आले. एकटा माणूस जीव तोडून ओढतो. सात जण जोडीला दिले की आठांची मिळून ताकद, एकेकट्याने लावली असती त्याच्या बेरजेच्या जेमतेम निम्मी भरते. एक तर सगळे एका वेळी ओढत नाहीत, आणि दुसरं म्हणजे प्रत्येकाला वाटतं बाकीचे ओढतायत. रिंगेलमनला यासाठी यंत्रं लावावी लागली. आमच्याकडे तो नुसता मार्च एंडिंगला आला असता तरी भागलं असतं.

क्लेमवाले एका बाजूला, मार्केटिंगवाले दुसऱ्या बाजूला. पहिल्या डावात आम्ही असे फरफटत गेलो की दोराच्या शेवटाला कमरेशी गाठ मारून उभे असलेले अण्णा आमच्याआधी रेषेपलीकडे पोहोचले. कसे ते अजून उलगडलेलं नाही. तेवढ्यात बॉक्सवर बसलेला डिस्पॅचचा पोरगा उठला. हा जोगेश्वरीच्या एका गोविंदा पथकात खालच्या थराला उभा राहतो. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की रोज रात्री सराव, हे मला ठाऊक होतं, कारण त्या महिन्यात आमचं टपाल उशिरा निघतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सगळे समोर बघताय. समोर बघायचं नाय. मान खाली, पाय रोवा, आन मी हाक दिली की एकदम." उंचीप्रमाणे त्याने आमची जागा बदलली, अण्णांना मधे घेतलं ("वजन मधे ठेवायचं, शेवटाला नाय") आणि बाजूला उभा राहून हाक देऊ लागला. दुसरा डाव आम्ही जिंकलो. मार्केटिंगने हरकत घेतली की हा पोरगा रोलवर नाही. हरकत मान्य झाली.

जेवणाआधी टॉवर. हा खेळ जगभर चालतो; टॉम व्युजेक नावाच्या माणसाने 2010 साली एका भाषणात सांगितल्यापासून प्रत्येक ट्रेनरच्या पिशवीत तो असतो. कच्च्या स्पॅगेटीच्या वीस काड्या, वारभर चिकटपट्टी, तेवढाच दोरा आणि अठरा मिनिटं. जास्तीत जास्त उंच टॉवर उभा करायचा आणि टोकावर एक मार्शमेलो ठेवायचा. यात म्हणे मॅनेजमेंटची पोरं हरतात आणि बालवाडीची जिंकतात. कारण बालवाडीतली मुलं सरळ मार्शमेलो घेऊन पडझड करायला लागतात. मॅनेजमेंटवाले आधी लीडर कोण ते ठरवतात. आम्ही त्याच्याही आधी टॉवरचं नाव ठरवलं. 'शिखर' की 'भरारी' यावर मतदान झालं.

मग अकाउंट्सच्या ताईंनी तो पांढरा गुबगुबीत गोळा चिमटीत धरून उजेडाकडे केला. व्हाउचरवरची सही तपासतानाही त्या असंच करतात. "यात जिलेटिन असतं ना?"

ट्रेनरने मोबाइल काढला, पाकीट उलटंसुलटं करून वाचलं आणि हळूच म्हणाला, "असतं, मॅडम."

"म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. मी हात लावणार नाही."

"मॅडम, खायचं नाहीये, फक्त वर ठेवायचंय."

"देव्हाऱ्यातसुद्धा फक्त ठेवतातच."

यावर त्याच्या प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. ताईंनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला. उपासाच्या दिवशी ताईंच्या पर्समध्ये तो नसेल असं आजवर झालेलं नाही. लाडू हलका, जरा चिकट, काडीवर मजेत बसतो. आमच्याकडचा जो पोरगा कधी तोंड उघडत नाही, त्याने काड्यांचे तीन तीनचे जुडगे करून तिपाई बांधली, ताईंनी वर लाडू खोचला आणि टॉवर उभा राहिला. बाकी सगळ्यांचे आडवे. ट्रेनर म्हणाला, नियमात मार्शमेलो आहे, तुम्ही बाद.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. क्लेम आणि मार्केटिंग गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या फायली अडवत आलेत; ते खांद्याला खांदा लावून त्या ट्रेनरवर तुटून पडले. लीगलच्या ताईंनी नियमाचा कागद मागितला. अण्णांनी विचारलं की उपासाच्या माणसाला पर्याय न देणं हे कुठल्या धोरणात बसतं. मार्केटिंगच्या हेडने स्वतःहून जाहीर केलं की लाडूचा टॉवर पहिला धरला नाही तर आम्ही जेवणार नाही. कर्जतच्या हवेत, दुपारी दीड वाजता, मार्केटिंगवाल्याने जेवणावर पाणी सोडायची तयारी दाखवावी, याचं मोल बाहेरच्यांना कळणार नाही. एचआरच्या मॅडमनी मध्यस्थी करून लाडूला 'विशेष पारितोषिक' मिळवून दिलं.

दुपारच्या सत्रात मन मोकळं करायचं होतं. गूगलने आपल्या टीमांचा अभ्यास केला तेव्हा कळलं म्हणे की टीममध्ये कोण कोण हुशार आहे यापेक्षा तिथे बोलायची भीती नसणं जास्त महत्त्वाचं. "इथे कुणी कुणाला नावं ठेवणार नाही," ट्रेनर म्हणाला. ट्रेनी मुलगी भाबडेपणाने उठली आणि म्हणाली की मंजूर झालेली रजा आदल्या संध्याकाळी रद्द होते ते तिला आवडत नाही. साहेब प्रसन्न हसले, "व्हेरी गुड पॉइंट" म्हणाले आणि डायरीत काहीतरी टिपून घेतलं. मग कुणालाच काही मोकळं करायचं उरलं नाही. सोमवारी तिच्या टेबलावर 2019 पासूनच्या पेंडिंग फायली होत्या.

शेवटी डबेवाले. मुंबईत टीमवरचं भाषण डबेवाल्यांशिवाय पुरं होत नाही. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली. 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स भेटायला आले तर त्यांनी डब्यांच्या वेळा सांभाळून यावं असं ठरलं. 2010 मध्ये हार्वर्डने केस स्टडी लिहिली. हे सगळं ट्रेनर सांगतो. गटाचा मुकादम आधी स्वतः डोक्यावर डबे वाहून मग मुकादम होतो, नवा माणूस बहुतेक मावळ-मुळशी-खेड-जुन्नरकडचा, ओळखीपाळखीचाच येतो आणि गटाची कमाई गटात वाटली जाते, ही गोष्ट मात्र कुठलाच ट्रेनर सांगत नाही. सांगितली तर लोक बोनसचा विषय काढतील.

मला बसल्या बसल्या 2005 चा जुलै आठवला. 26 तारखेला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढच्या आठवड्यात आख्ख्या मुंबईच्या बुडालेल्या गाड्या कागदाच्या रूपाने आमच्या टेबलांवर आल्या. बुडालेली गाडी चालू करायला गेलं की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि आतला दांडा वाकतो. ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस शपथेवर सांगत होता की त्याने किल्लीला हातही लावला नाही. सर्व्हेअर मिळेनात, लोक जिन्यापर्यंत उभे. तेव्हा आमच्या प्यूनमामांनी, कुणी न सांगता, अर्जांचे तीन ढीग केले: चाकापर्यंत, सीटपर्यंत, टपापर्यंत. टपापर्यंतवाल्या गाड्यांना सर्व्हेअर आधी पाठवायचे, कारण त्यात वाद कमी; चाकापर्यंतवाले थांबू शकतात. कुठल्या सर्क्युलरमध्ये हे नव्हतं. एकाने फॉर्म भरून घेतले, एकाने फोन धरला, अकाउंट्सच्या ताईंनी चेकचे गठ्ठे घरी नेऊन रात्री तयार केले. साहेब त्या आठवड्यात डोंबिवलीहून निघूच शकले नाहीत. काम चोख झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही.

मामा रिटायर झाले तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

परतीच्या बसमध्ये फीडबॅकचे फॉर्म वाटले. 'आजच्या दिवसाने तुमच्यात कोणता बदल झाला?' खाली चार कोऱ्या ओळी. बस हलती, दिवा मिणमिणता, पेनं तीन. लीगलच्या ताईंनी पहिल्या सीटवर बसून एक निर्दोष, कशालाही बांधील न होणारं उत्तर लिहिलं. मार्केटिंगच्या हेडने ते मोठ्याने वाचून दाखवलं, मागच्यांनी उतरवून घेतलं, अण्णांचा चष्मा नव्हता म्हणून ट्रेनी मुलीने त्यांचाही फॉर्म भरला, आणि डिस्पॅचच्या पोराने सगळे गोळा करून आडनावांप्रमाणे लावून दिले. स्वतःचा फॉर्म त्याला नव्हताच. खोपोली सोडायच्या आत काम फत्ते.

मंगळवारी एचआरच्या मॅडमचा मेल आला. सर्व विभागांच्या प्रतिसादांत इतकी एकवाक्यता कंपनीच्या कुठल्याच शाखेत आढळलेली नाही, त्यामुळे वरिष्ठ कार्यालय भारावून गेलं आहे, आणि पुढच्या वर्षी हा उपक्रम दोन दिवसांचा, मुक्कामासह, घेण्याचं ठरलं आहे. टी-शर्टचे साइज पंधरा तारखेपर्यंत कळवावेत.