गुडघ्यांवरचा शूरवीर

गोळीबाराच्या गेममधले बहुतेक हिरो तसे बैठ्या कामाचेच. समोरून गोळ्या सुटल्या की भिंतीमागे बसायचं, जरा निवळलं की डोकं वर काढायचं, चार गोळ्या झाडायच्या आणि पुन्हा बसायचं. २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'नंतर तर जो तो आडोसे शोधू लागला. आणि २०१० मध्ये ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सचा 'व्हँक्विश' आला. त्यातला सॅम गिडियन नावाचा गडी त्याच भिंतींच्या मधून चक्क गुडघ्यांवर घसरत निघाला.

गुडघ्यांवर! चिलखताला रॉकेटं लावलेली, खाली ठिणग्या उडताहेत, अंग मागे रेललेलं आणि तशातच नेम धरायचा. जिन्याचा कठडा न सोडणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघून आधी कळ येते, मग हेवा वाटतो. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या एका मावशींना हे दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "कुठल्या डॉक्टरकडून करून घेतलंन रे?"

'व्हँक्विश'चे दिग्दर्शक शिंजी मिकामी. हेच ते गृहस्थ, ज्यांच्या २००५ च्या 'रेझिडेंट इव्हिल ४'मध्ये बंदूक रोखली की पाय जागच्या जागी खिळायचे. चालणं आणि नेम धरणं, दोन्ही एका वेळी नाही म्हणजे नाही! पाच वर्षांत माणसाला एवढी घाई कसली सुटली, कोण जाणे.

घसरता घसरता नेम धरला की काळ मंदावतो आणि अंगावर येणाऱ्या गोळ्या निवांत न्याहाळता येतात. पण घसरणं काय, काळ थोपवणं काय, सगळं एकाच ऊर्जेवर चालतं. हातघाईवर येऊन एक सणसणीत तडाखा दिलात, तर पहिल्या तारखेलाच अख्खा पगार उडवल्यासारखी ती खलास होते. चिलखत तापतं आणि आपण मैदानाच्या मधोमध उघडे पडतो. म्हणून आडोशाला जावं, तर फार वेळ बसणाऱ्याचे गुण कापतात. म्हणजे बसूही देत नाहीत!

कथेची फार चौकशी करू नये. रशियन बंडखोर अवकाशातली वसाहत बळकावतात, तिथून सॅन फ्रान्सिस्को भाजून काढतात. बाकी सगळे खर्जात बोलतात.

मला खरा आवडला तो सिगरेटचा प्रकार. त्यासाठी चक्क वेगळं बटण आहे. सॅम भिंतीला टेकतो, शिरस्त्राण उघडतो, झुरका घेतो आणि थोटूक भिरकावतो. समोरचे रोबो, म्हणजे शहर जाळणाऱ्या बंडखोरांची ती महागडी यंत्रं, त्या थोटकाकडे बघत बसतात. तेवढ्यात आपण निघायचं, गुडघ्यांवरच.

तक्रार एकच. पूर्ण किमतीला बाजारात आलेला हा गेम सहा-सात तासांत आटोपतो. पण त्याचीही सोय निर्मात्यांनी करून ठेवली आहे. शेवटी श्रेयनामावली सुरू झाली तरी बंदूक आपल्याच हातात राहते. समोरून उल्का येतात, त्यांवर गेम बनवणाऱ्यांचेच चेहरे, आणि त्या फोडायच्या. आधी संकोच वाटतो. बिचाऱ्यांनी एवढी मेहनत केलेली. तो संकोच फार टिकत नाही.