साहेब, ऐका हं!

जुनी गाडी विकली की घरात दोन गोष्टी येतात : पैसे आणि गिऱ्हाईक. पैसे संपतात, गिऱ्हाईक राहतं. तुम्ही कधी काही विकलं असेल, फ्लॅट म्हणा, पियाजिओ म्हणा, साधी शिलाईची मशीन म्हणा, तर असा एक जण तुमच्याही फोनमध्ये असणार. व्यवहार झाला, हिशेब मिटला, तरी हा आपला 'जरा एक विचारायचं होतं' म्हणत हजर.

आमच्याकडे ते बेळगावकर. गाव बेळगाव, मुक्काम बेंगळुरातलं येलहंका. खरं नाव छापून मला आणखी एक फोन ओढवून घ्यायचा नाही. माझी २०११ ची वॅगन आर त्यांनी रीतसर पारखून घेतली होती. स्वतःचा मेकॅनिक आणला, बॉनेट उघडलं, खाली झोपून टॉर्च मारली, स्टेपनीसुद्धा बाहेर काढून बघितली. जयनगरातून गाडी निघाली आणि येलहंक्याला पोचायच्या आत, हेब्बाळजवळूनच फोन आला.

"साहेब, आवाज करूलीय बघा."

"कसला?"

दुसरा कुणी 'काहीतरी खडखडतंय' म्हणून मोकळा झाला असता. बेळगावकरांनी घसा साफ केला, फोन तोंडाशी धरला आणि आवाज काढून दाखवला. "खट्. मग जरा थांबून खुट्. खट् मोठा, खुट् बारीक. ऐका हं, परत करतो."

त्या दिवसापासून गाडीला तोंड फुटलं ते बेळगावकरांचं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की 'चींऽऽई', म्हणजे पट्टा. सिग्नलला उभी असताना 'झर्रर्र', म्हणजे सायलेन्सरवरचा पत्रा सैल. क्लच दाबला की बंद होणारी आणि सोडला की सुरू होणारी एक 'किर्र' होती. ती त्यांनी दोन्ही बाजूंनी करून दाखवली. बल्लारी रोडवर ८० ला 'घूंऽऽ' येतं, हे पूर्वीपासूनच होतं का, असं त्यांनी विचारलं. आता ८० ला ही गाडी काय म्हणते हे मला कसं माहीत असणार? माझ्या हातात असताना तिनं उभ्या जन्मात जयनगर ते सिल्क बोर्ड केलेलं. तिला तिसरा गिअर आहे हेच मी जवळजवळ विसरलो होतो.

घरात या फोनची सगळ्यांना सवय झाली. बायको कुकरची शिट्टी थांबवून ऐकायची. नातीला तर हा करमणुकीचा कार्यक्रमच वाटे. एकदा तिनं फोन हिसकावून घेतला आणि वाघाचा आवाज काढा म्हणाली. बेळगावकर क्षणभर गप्प. मग गंभीरपणे विचारतात, "वाघ न्यूट्रलमध्ये हाय का गिअरमध्ये?"

वैतागून मी कायदा चाळला. १९३० चा वस्तुविक्री कायदा विकणाऱ्याच्या बाजूचा आहे : तुम्ही काही लपवलं नाही, खोटं सांगितलं नाही, तर माल बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. शिवाय आपली एकुलती एक गाडी विकणारा घरगुती माणूस काही व्यापारी नव्हे, त्याला ग्राहक आयोगात खेचणं सोपं नाही. कलम सोळा मी अगदी ओठांवर आणून ठेवलं. पण ते फेकायचं कुणाच्या तोंडावर? या माणसानं एकदाही पैसे परत मागितले नाहीत. दुरुस्तीचा अर्धा खर्च द्या म्हणाला नाही. फसवलंत, असा शब्द नाही. नुसता आवाज ऐकवायचा, "कळलं न्हवं?" विचारायचं आणि फोन ठेवायचा. ज्याला काही नकोच आहे, त्याला नाही तरी कसं म्हणणार?

बेंगळुरात वापरलेली वस्तू विकायला काढणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे. तंजावरात बसून हे गाव सांभाळणं परवडेना, म्हणून व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं होतं. व्यवहार पुरा व्हायच्या आत, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीम खान मध्ये घुसला आणि तीन लाख मोगलांच्या खिशात गेले. राजांचे पैसे बुडाले खरे, पण नंतर 'किल्ल्याचा दरवाजा कुरकुरतोय' म्हणून म्हैसूरहून त्यांना कुणी विचारलं नसेल. मला पैसे मिळाले. कुठलं नशीब बरं, ते तुम्ही ठरवा.

बेळगावकरांना तक्रारखोर म्हणावं तर कागदांच्या बाबतीत माणूस चोख. या शहरात गाडी विकलेल्या कितीतरी जणांच्या फोनवर दुसऱ्यानं तोडलेल्या सिग्नलची चलनं येत राहतात. चलनाचं एक वेळ सोडा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार खटल्यात सांगून टाकलं आहे की अपघाताच्या भरपाईला आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव करून घ्यायचं, असा नियम आहे. फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेऊन सगळी धावपळ बेळगावकरांनी केली, आणि नवं आरसी कार्ड हातात पडलं त्याच संध्याकाळी मला त्याचा फोटो पाठवला. सोबत एक नवा आवाजही होता, ते वेगळं.

मग एका रविवारी ते घरीच आले. बेळगावच्या 'तरुण भारत'च्या पानात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. मला वाटलं, कुंदा. निघाला लिंक रॉड. जे.सी. रोडवरून नवा घेऊन बसवला होता, हा जुना. रबराची टोपी फाटून आतलं ग्रीस काळं पडलेलं, आणि गोळी आपल्या वाटीत सैल. त्यांनी अंगठ्यानं ती एकीकडे ढकलली : खट्. सोडली : खुट्. मोठा आणि बारीक. हेब्बाळजवळून ऐकवला होता तो हुबेहूब.

चहा पिताना कळलं, उभी नोकरी पीण्यातल्या एका मशीन शॉपमध्ये गेली. लेथवर टूल बोथट व्हायला लागलं की माप बिघडायच्या आधी यांना कानानं कळायचं. शॉपच्या दुसऱ्या टोकाहून पोरं बोलवायला यायची. "आता घरात ऐकायला काय हाय, साहेब? फ्रिज. तो पण नवा हाय." पुढं म्हणाले, "ही गाडी पूर्वी कशी बोलायची ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला विचारतो."

यावर मी काही बोललो नाही. चहा मात्र परत टाकायला सांगितला.

आता मी घेतलेली गाडी विजेवरची आहे. ती त्यांना हौसेनं दाखवली. चालू करून आत बसले, डोळे मिटून बराच वेळ कान दिला, मग उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्याच्या घरी समाचाराला गेल्यासारखा.

वॅगन आरची पंधरा वर्षं भरत आली. नोंदणी पुढं चालू ठेवायची तर ती तपासणीला न्यावी लागेल, आणि बेळगावकर ती नेणारच. तेव्हा आरटीओतल्या तपासणी अधिकाऱ्यांना आत्ताच विनंती करून ठेवतो : ब्रेक बघा, दिवे बघा, धूर मोजा, पण 'गाडीत काही त्रास?' एवढं मात्र त्यांना विचारू नका. मागं रांग असते.