दुवेबहाद्दर

दुवेबहाद्दर प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. आमच्याकडचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना काहीही सांगा, "थांबा, हे जोडून ठेवतो," म्हणत मोबाइल काढतात. पूर्वी ते नुसत्या नोंदी करायचे; ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप हाती आल्यापासून नोंदींच्या सोयरिकी जमवू लागले. शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की झाला दुवा. मुहूर्त नको, मानपान नको.

बिनदुव्याच्या नोंदीला या पंथात 'अनाथ' म्हणतात. अशी एखादी दिसली की दुवेबहाद्दरांना घास गोड लागत नाही. परवा वहिनींनी कोथिंबीर आणायला सांगितली. यांनी नोंद केली. पण एकटी कोथिंबीर म्हणजे अनाथच की! म्हणून ती नाशिकला जोडली, नाशिक गोदावरीला, गोदावरी पैठणला. साडेआठला दुवेबहाद्दर सातवाहनांच्या राजधानीत पोचले होते. कोथिंबीर घरी पोचली नव्हती.

बुकमार्कांसाठी 'नंतर वाचू' नावाचं वेगळं कोठार आहे. भरभर कसं वाचावं, यावरचा लेख तिथे तीनदा जतन केलेला मी पाहिला. तिन्ही वेळा न वाचता.

त्यांचं दैवत निक्लास लूमन. या जर्मन समाजशास्त्रज्ञानं लाकडी खणांत सुमारे 90,000 चिठ्ठ्या साठवल्या. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक. एकीवर दुसरीचा क्रमांक लिहिला की दुवा तयार. ना कॉम्प्युटर, ना ॲप! हे सांगताना दुवेबहाद्दरांचा गळा दाटून येतो. "आणि त्यातून त्यांनी डझनावारी पुस्तकं लिहिली," एवढं वाक्य मात्र ते घाईनं उरकतात.

"तुमचं लिखाण कुठवर आलं?" मी एकदा विचारलं.

"आधी रचना पक्की होऊ द्या."

रचना आजवर तीनदा पक्की झाली: आधी विषयवार फोल्डर, मग टॅग, आता दुवे. घर लावणं चालूच आहे, राहायला कोणी येत नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मी तिथेच होतो. "प्लंबरचा नंबर आहे माझ्याकडे," म्हणत त्यांनी सगळ्या दुव्यांचा नकाशा उघडला. पडद्यावर मोहरीची पुडी फुटल्यासारखे ठिपके पसरले. त्यांनी मोठ्या विश्वासानं 'नळ' या ठिपक्यावर बोट ठेवलं. दमयंती आख्यान उघडलं. नळ, दमयंती, स्वयंवर, विवाहसंस्था... खाली बादली भरत होती.

वहिनी भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेल्या. सिलिंडर आल्याच्या तारखेशेजारी पेन्सिलीनं एक नंबर लिहिला होता. त्याला कशाचाही दुवा नव्हता.

प्लंबर वीस मिनिटांत आला.